सहा सेल

व्हिसावर लिहिलंय: इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.
देवरुखात आई सांगत फिरायची,
पोरगा तिकडे पेट्या-तबले दुरुस्त करतो.
मी सोहारच्या बंदरापाशी, टाक्यांवरचे
दाबाचे काटे शून्यावर आणतो.
तिचं कधी खोडून काढलं नाही.

लाकडी तंबोरा आणला होता एकदा.
विमानतळावर अधिकाऱ्यानं भोपळ्यावर टिचकी मारली.
आत काय?
म्हटलं, काही नाही, म्हणून तर वाजतो.
त्यानं हसून खडूची फुली ओढली.

'भ्रमाचा भोपळा फुटणे', वाक्यात उपयोग करा.
माझा खराच फुटला. जुलैत, रात्री दोनला,
बाहेर चाळीस, आत एसी अठरावर.
मकबूल पारकर अंथरुणात उठून बसला,
'काय फुटला रे? गॅस?'

तेव्हापासून हा डबा.
विटेएवढा. तीन चाव्या, एक लाल दिवा.
बटण दाबलं की लागलीच सुरात.
पाध्येबाई अर्धा अर्धा तास तंबोरा लावायच्या,
जव सरकवत, कान तारेपाशी नेऊन,
आणि शिकवायच्या पंधरा मिनिटं.
फी कशाची घेतात, वाटायचं मला.
आता तो अर्धा तास रोज माझ्याकडे उरतो
आणि त्याचं काय करायचं ते सुचत नाही.

तक्रार करू नये.
डबा उन्हाला भीत नाही, तडकत नाही,
इयरफोन घातले की
सहा जणांच्या खोलीत एकट्याचा षड्ज मिळतो.
रात्रपाळी करून आलेला वर्गीस
दोन हातांवर झोपलेला असतो
आणि मी तोंड न उघडता गातो.

धुळीच्या वादळात लाइट गेली त्या रात्री
अख्खा कॅम्प काळा,
बोलत होता तो फक्त हाच.
इयरफोन काढून टाकले, सगळ्यांना ऐकू दे म्हटलं.
सज्जाद, सियालकोटचा, ट्रेलर चालवतो,
पाण्याच्या रिकाम्या कॅनवर बोटं टाकू लागला.
तालाचंही मशीन आहे माझ्याकडे.
ते घसरत नाही. मी घसरलो तर वळून बघत नाही,
आणि समेवर मान हलवायला त्याला मान नाही.
सज्जाद दोनदा चुकला. तिसऱ्यांदा
दोघं एकदमच येऊन आदळलो समेवर
आणि अंधारात कोण कुणाला टाळी देतंय कळेना.

मग सेल उतरले.
जुना डबा आहे, झटक्यात मरत नाही.
आधी दिवा विटतो, मग सा केसभर खाली येतो,
आणखी केसभर,
आणि कळत नाही, कारण आपणही
डोळे मिटून, विश्वासानं,
त्याचं बोट धरून खाली उतरत असतो.
दिवसा माझ्याकडे प्रमाण काटा असतो,
प्रत्येक काटा त्याच्याशी ताडायचा, सही करायची.
रात्री मला कशाशी ताडणार?
मकबूलशी. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.
तो म्हणाला, 'आज घसा बसला का तुझा?'

दुकान लांब, उघडणार उद्या, नमाजानंतर.
रिमोटचे सेल बारीक, बसत नाहीत.
भिंतीवर दोन घड्याळं,
एक इथलं, एक घरचं, दीड तास पुढे.
दोन्हींत एकेक पेन्सिल सेल.
एक ताजा घातला की बाकीचे पाच जरा लाजतात
आणि दहा-वीस मिनिटं काम करतात.

इथल्या घड्याळावर पाचची बस येते.
मी घरचं उघडलं.

देवरुखात अकरा दहा झाले होते.
सा आपल्या जागी परत आला.
सज्जादनं कॅन मांडीत घेतला.

शुक्रवार झाला, शनिवार झाला,
तिथे अकरा दहाच.
नवे सहा आणले, सहाही डब्यात घातले.
घड्याळाचा सेल राहिलाच.
मकबूलनं दोनदा आठवण केली, तेव्हा गेलो आणायला.